दुकानाची पाटी मोबाईलवर: दुकानदार नेहमी विचारतात ते प्रश्न

साताऱ्यात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानाच्या पाट्या हे रोजचं काम. पाटी न्यायला आलेला माणूस पैसे देता देता हळूच विचारतो, "आणि ते गूगलवर टाकायचं काय असतं हो?" मग स्टुलावर बसवून मी सांगत बसतो, तोवर पुढचं गिऱ्हाईक खोळंबतं. म्हणून तेच प्रश्न आणि तीच उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

दुकान तीस वर्षांचं आहे. गिऱ्हाईक ओळखीचं. मला याची गरज काय?

ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी हे नाहीच मुळी. त्याला दुकान माहीत आहे, उधारीची वहीही माहीत आहे. हे आहे ते बदली होऊन आलेल्या बँकेतल्या बाईंसाठी, शहराबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला आलेल्या जोडप्यासाठी, आणि पावसाळ्याच्या शेवटी कासची फुलं बघायला येणाऱ्यांसाठी. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबर गावात बाहेरच्या गाड्याच गाड्या. त्यांना परत जाताना कंदी पेढे न्यायचे असतात. पूर्वी ते पोवई नाक्यावर रिक्षावाल्याला विचारायचे, आता मोबाईलला विचारतात. रिक्षावाला तुमचं नाव घ्यायचा, कारण तुम्ही त्याला चहा पाजायचात. मोबाईल तुमचं नाव घेईल ते त्याला माहीत असेल तरच.

आणि खरं सांगू का, ओळखीचं गिऱ्हाईकही आता घरातून निघण्याआधी बघून घेतं, आज उघडं आहे का ते.

मी काहीच केलं नाही, तरी माझं दुकान गूगल मॅपवर दिसतं. कोणी टाकलं?

कोणीही टाकलं असेल. एखाद्या गिऱ्हाइकाने, शेजाऱ्याने, किंवा गूगलने स्वतः इकडून तिकडून माहिती गोळा करून. त्यात बिघडलं काहीच नाही. बिघडतं ते पुढे. फोन नंबर जुन्या लँडलाइनचा राहतो, वेळ भलतीच असते, फोटो म्हणून समोरच्या सलूनचा शटर दिसतो.

म्हणून पहिलं काम नवीन नोंद करण्याचं नाही, असलेली शोधण्याचं. घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल घ्या आणि दुकानाचं नाव तीन प्रकारे शोधा: मराठीत, इंग्रजीत आणि जुन्या नावाने. वडिलांच्या काळातलं नाव अजून कुठेतरी पडलेलं असतं. जी नोंद सापडेल तिच्यावर मालकीचा दावा करायचा. ते न करता नवी नोंद केली की एकाच दुकानाच्या दोन होतात, रिव्ह्यू एकीकडे आणि फोन नंबर दुसरीकडे.

याला पैसे किती पडतात?

शून्य. मॅपवरची दुकानाची ही नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल (२०२१ पर्यंत याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, काही जण अजूनही तेच म्हणतात) फुकट आहे. "गूगलमधून बोलतोय, तुमची नोंद बंद होणार आहे, वर्षाचे अमुक हजार भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. मीही अशी नोंद करून देण्याचे दोनशे रुपये घेतो, ते माझ्या वेळेचे. गूगलला त्यातलं काही जात नाही.

व्हिडिओ पाठवला, तो नाकारला. नेमकं काय दाखवायचं?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. नोंदीवर मालकीचा दावा केला की दुकान खरंच तुमचं आहे का, याची गूगल पडताळणी करतं. कधी फोनवर किंवा मेसेजवर काम भागतं, पण बऱ्याच दुकानांना व्हिडिओच मागतात. गूगलला तीन गोष्टींची खात्री हवी असते: दुकान त्या जागी आहे, त्यात तो धंदा चालतो, आणि व्हिडिओ काढणारा माणूस तिथला कारभारी आहे.

बाजारपेठेतल्या एका भांड्याच्या दुकानाचं उदाहरण सांगतो. काकांनी पहिल्या खेपेला गल्ल्यावर बसून, इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्याकडे बघत दुकानाचा इतिहास सांगितला. आजोबांपासून. छान बोलले, पण पाटी एकदाही दिसली नाही. नाकारला. दुसऱ्या खेपेला सकाळी दुकान उघडायच्या आधी पुतण्याला मोबाईल दिला. सुरुवात गल्लीच्या तोंडापासून. कोपऱ्यावरच्या मेडिकलची पाटी, मग चालत चालत आपली पाटी, पूर्ण नाव वाचता येईल इतका वेळ. मग काकांचा हात, किल्ली, कुलूप, शटर वर. आत पितळी पातेली, कुकरचे खोके, वजनकाटा. शेवटी गल्ला उघडून दुकानाच्या नावाचं बिलबुक. सगळं एका दमात, मध्ये न थांबवता. दीड मिनिटाचा व्हिडिओ झाला. चार दिवसांत मंजूर.

कापाकापी केलेला किंवा आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालत नाही, प्रोफाइलमधूनच तिथल्या तिथे काढावा लागतो. आधारकार्ड, बँकेचे कागद, गिऱ्हाइकांचे चेहरे दाखवायचे नाहीत. आणि नेट नीट चालतंय ना, ते आधी बघा.

खातं कोणाच्या ईमेलवर काढायचं?

तुमच्या. मालकाच्या. यावर मी वाद घालत नाही.

किती जणांचं यात अडकलेलं मी बघितलंय. कामावरच्या पोराने हौसेने स्वतःच्या जीमेलवर सगळं केलं, दोन वर्षांनी पोरगा पुण्याला गेला, नंबर बदलला, पासवर्ड त्यालाही आठवेना. किंवा कुणा मार्केटिंगवाल्याने आपल्या नावावर मालकी ठेवली आणि पैसे थांबल्यावर प्रोफाइलवर फोन नंबर स्वतःचाच टाकला. माझ्या बाबतीतही हे घडलंय. माझ्या दुकानाचं पहिलं फेसबुक पान एका ओळखीच्याने काढून दिलं होतं. ते आजही तसंच आहे, त्यावर माझा बंद पडलेला नंबर आहे, आणि मला ते पुसता येत नाही. पाट्या विकणाऱ्याची ही गत.

दुकानासाठी वेगळा जीमेल काढा. पासवर्ड वहीत लिहा, वही तिजोरीत ठेवा. हसू नका, मोबाईल पाण्यात पडल्यावर ती वहीच कामाला येते. खात्याला जोडलेला नंबर घरातला हवा. बाहेरच्या माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर त्याला 'मॅनेजर' म्हणून जोडायचं, 'ओनर' म्हणून नाही. काम संपलं की काढून टाकायचं.

आधीच दुसऱ्याच्या हातात गेलं असेल तर प्रोफाइलवरूनच मालकी मागण्याची सोय आहे. ज्याच्याकडे ते आहे त्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने उत्तरच दिलं नाही तर बहुतेक वेळा तुम्हाला पडताळणी करून ते ताब्यात घेता येतं.

नावापुढे "साताऱ्यातील सर्वोत्तम, स्वस्त, होलसेल" असं जोडलं तर जास्त दिसेल का?

काही दिवस दिसेलही. मग कोणी तक्रार केली की नाव बदललं जाईल किंवा प्रोफाइलच स्थगित होईल. नियम साधा आहे: पाटीवर जे नाव, तेच प्रोफाइलवर. होलसेल आहे, दुरुस्तीही होते, हे सांगायला वर्णनाची जागा आहे, साडेसातशे अक्षरांची. ती मराठीतच लिहा. तुमचं गिऱ्हाईक ज्या शब्दांनी वस्तू मागतं ते शब्द त्यात येऊ द्या: पिठाची गिरणी, शेवया करून मिळतील, पिको-फॉल, गॅस शेगडी दुरुस्ती. "दर्जेदार सेवा हेच आमचे ध्येय" हे वाक्य मी आजवर किती बोर्डांवर छापलं असेल याची गणती नाही. ते वाचून कुणी आत आलंय असं मात्र ऐकलेलं नाही.

वर्गवारी निवडताना मात्र जपून. 'दुकान' असं मोघम न निवडता 'साड्यांचं दुकान', 'मिठाईचं दुकान' असं नेमकं घ्या. शोधात कुठे बसायचं हे त्यावर बरंच ठरतं.

पाटी मराठी केली, प्रोफाइलवरचं नाव इंग्रजीतच आहे. चालतं का?

मराठी पाट्यांचा कायदा रस्त्यावरच्या पाटीचा आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्याकडे पाट्यांसाठी रांग लागली होती. गूगलला त्याच्याशी घेणंदेणं नाही. पण पाटी बदलली असेल तर बाहेरचा नवा फोटो तेवढा टाका. माणूस गल्लीत येऊन फोटोतली लाल पाटी शोधत राहतो आणि तुमची आता पिवळी असते.

लोक म्हणतात मॅप चुकीच्या ठिकाणी आणतो.

पिन, म्हणजे मॅपवरची दुकानाची खूण, चुकली आहे. जुन्या पेठांत हे हटकून होतं. पत्त्यात सिटी सर्व्हे नंबर, "मारुती मंदिरासमोर", आणि पिनकोड. यातलं यंत्राला फार थोडं कळतं. एका दुकानाची पिन मागच्या बोळात पडली होती. एकदा मोठी गाडी घेऊन एक कुटुंब त्या बोळात शिरलं. पुढे भिंत, मागे भाजीची हातगाडी, आणि गाडी बाहेर काढायला सगळी आळी गोळा. त्या कुटुंबाने दुकानातून काही घेतलं असेल असं वाटत नाही.

दुकानाच्या दारात उभं राहून, मॅप उपग्रहाच्या चित्रावर ठेवून, बोटाने पिन नेमकी आपल्या छपरावर आणा. दुकान इमारतीच्या मागच्या बाजूला असेल तर जिथून माणूस आत शिरतो त्या बाजूला. गाडी कुठे लावायची हेही वर्णनात लिहा. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ते दरापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

वेळ काय लिहायची? दुपारी आम्ही जेवायला जातो.

तेच लिहा. सकाळी साडेनऊ ते दीड, चार ते साडेआठ. एका दिवसात दोन वेळा टाकता येतात. दुपारी बंद ठेवण्यात लाज नाही. उघडं लिहून बंद ठेवलं की मात्र उन्हात आलेला माणूस शटरसमोर उभा राहूनच एक तारा देतो. सणासुदीला वेगळ्या वेळा टाकायची सोय आहे, तिचा उपयोग करा: लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कधीपर्यंत, पाडव्याला उघडं का. लग्नाला आठ दिवस गावी जाणार असाल तर 'तात्पुरतं बंद' करा. 'कायमचं बंद' ला चुकून बोट लावू नका.

फोटो कसे हवेत?

खरे. नेटवरून उचललेले नकोत. दुकान झाडून, सकाळच्या उजेडात, मोबाईल आडवा धरून काढा. एक समोरून, एक गल्लीसकट, एक आतला, बाकी मालाचे. खाण्याचा धंदा असेल तर दरपत्रकाचा फोटो, दर बदलले की नवा. मिसळ काचेच्या बशीत मांडून पुदिन्याचं पान वगैरे ठेवू नका. रोज जी स्टीलची वाटी देता तीच दाखवा, तर्रीसकट.

एकाने वाईट रिव्ह्यू टाकलाय. काढून टाकता येतो का?

तुम्हाला पटत नाही म्हणून काढला जात नाही. शिवीगाळ, धमकी, जाहिरात, दुसऱ्याच दुकानाबद्दलचं लिहिणं, खोटेपणा असं काही असेल तर तक्रार करता येते, आणि वाट बघावी लागते.

बाकीच्यांना उत्तर द्या. पण त्याच रात्री नको. ते उत्तर त्या माणसासाठी कमी आणि पुढे वाचणाऱ्या अनोळखी माणसांसाठी जास्त असतं. समजा कुणी लिहिलं, "पेढे शिळे निघाले." संतापून लिहिलेलं उत्तर असं असतं: "आमच्या इथे पन्नास वर्षांत अशी तक्रार नाही, आपण दुसरीकडून घेतले असतील." आता हे वाचा: "नमस्कार. आपली गैरसोय झाली, माफ करा. कोणत्या तारखेला घेतले होते ते कळवाल का? त्या दिवसाचा माल आम्ही तपासतो. पेढे उन्हात गाडीत राहिले तर लवकर खराब होतात, हे आम्ही देताना सांगायला हवं होतं. पुन्हा आलात की दुकानात भेटा." तुम्ही गिऱ्हाईक असतात तर कुणाकडे गेला असतात? बिलावरचं नाव, नंबर किंवा खरेदीचा तपशील मात्र उत्तरात कधीच लिहू नका.

चांगल्या रिव्ह्यूलाही दोन शब्द लिहा. फक्त सगळ्यांना एकच "धन्यवाद सर" चिकटवू नका. बाईंनाही तेच जातं.

पाच ताऱ्यांवर दहा टक्के सूट, असा बोर्ड लावू का?

नको. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट, पैसे यातलं काहीच गूगलच्या नियमांत बसत नाही. विकत घेतलेले रिव्ह्यू ओळखूही येतात. एकाच आठवड्यात तीस, आणि सगळे परराज्यातल्या नावांचे! साधं विचारायचं. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर मिळतो, तो छापून गल्ल्याजवळ ठेवा. यूपीआयच्या क्यूआरला चिकटवून ठेवू नका, लोक पैसे द्यायला जातात आणि तारे उघडतात. माझ्याच हातून छापताना ही चूक झाली आहे.

वेबसाइट हवीच का?

किराणा, भांडी, गिरणी, सलून: नाही. माल बाहेरगावी पाठवत असाल, मोठ्या ऑर्डरी घेत असाल, किंवा लोकांना आधी बरीच माहिती लागत असेल (केटरिंग, मंगल कार्यालय, क्लास) तर एक पान पुरतं. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या, वरचं वहीचं पुराण इथेही लागू. आणि सगळं फुकटच्या एका सोयीवर टांगू नका. गूगल प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट मिळायची, त्या २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाल्या. पत्रिकांवर, पिशव्यांवर तो पत्ता छापलेली मंडळी माझ्याकडे स्टिकर करून न्यायला आली होती.

व्हॉट्सॲप साधं वापरू की बिझनेस?

बिझनेस. ॲप फुकट आहे, आणि दुकानाचा लँडलाइन नंबरही त्यावर चालतो, पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. घरचे ग्रुप आणि दुकानाच्या ऑर्डरी वेगळ्या राहतात, हाच मोठा फायदा. कॅटलॉगमध्ये माल टाका, दर टाका. "दरासाठी मेसेज करा" लिहिलं की निम्मे लोक मेसेजच करत नाहीत.

ब्रॉडकास्ट यादीतला (एकदम अनेकांना पाठवलेला) मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून बिल देताना "नंबर सेव्ह करून ठेवा" म्हणायची सवय लावा. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवलंत तर दिवाळीच्या फराळाच्या यादीपर्यंत तुम्ही ब्लॉक झालेले असाल.

मी घरातूनच पुरणपोळी, चकल्या करून देते. दुकान नाही. मला जमेल का?

जमेल, ताई. प्रोफाइलवर घराचा पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी तुम्ही कुठे कुठे पोचवता ते भाग दाखवता येतात. पण आधी अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. घरगुती खाद्यपदार्थ विकायलाही ती लागते. अर्ज ऑनलाइन होतो, चौदा आकडी नंबर मिळतो. तो पाकिटावर आणि कॅटलॉगमध्ये लिहा. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाची नजर आधी त्यावरच जाते. किती दिवस टिकतं तेही लिहा, चकली आणि पुरणपोळीला एकच तारीख लावू नका.

पहिल्या नंबरवर आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत का?

गूगल स्वतः सांगतं की नेहमीच्या स्थानिक यादीतली जागा पैसे देऊन वर नेता येत नाही. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते. यादी ठरते ती शोधलेल्या वस्तूशी तुमचा किती मेळ बसतो, शोधणारा किती जवळ आहे आणि तुमचं नाव किती झालंय यावर. यातलं अंतर कुणाच्याच हातात नाही. राजवाड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला राजवाड्याजवळचं दुकान आधी दिसणार. तुम्ही तुमच्याच दुकानात बसून शोधलंत तर पहिले तुम्हीच दिसणार, आणि हेच दाखवून पैसे घेणारे भेटतात.

इन्स्टाग्रामवर रील टाकायला हवेत का?

साड्या, केक, मेंदी, दागिने असेल तर हो, माल डोळ्यांनी विकला जातो. हार्डवेअरवाल्याने नाचायची गरज नाही.

मोठी ऑर्डर आहे म्हणून फोन आला, ॲडव्हान्ससाठी क्यूआर पाठवतो म्हणाला.

फसवणूक आहे. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. नंबर ऑनलाइन गेला की असे फोन येणारच. बहुतेक जण स्वतःला लष्करातले म्हणवतात, भाव करत नाहीत, आणि घाईत असतात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला.

वडिलांना हे जमणार नाही. मी पुण्यात नोकरीला. बघणार कोण?

दोघांनी वाटून घ्या. वेळा, फोटो, सुट्ट्या तुम्ही पुण्यातून बदलू शकता, आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. रिव्ह्यूची उत्तरं मात्र वडिलांनाच देऊ द्या, गिऱ्हाईक त्यांना ओळखतं. टाइप करणं जमत नसेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायला शिकवा. आमच्या इथले एक काका आता सगळी उत्तरं तशीच देतात, गल्ल्यावर बसून, मोबाईल तोंडाजवळ धरून, मोठ्याने. परवा त्यांनी सांगितलं, "खवा रोज ताजा असतो." मोबाईलने लिहिलं, "हवा रोज ताजा असतो." पाठवायच्या आधी एकदा वाचून घ्यायला सांगा.